ससाण्याच्या पिल्लांचं बारसं

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ससाण्याच्या तीन पिल्लांचं बारसं झालं आणि त्या बारशाला आत्या मी होते. हसू येत असेल तर हसून घ्या. त्या आठवड्यात मीही खूप हसले होते.

ससाणे पहिल्यांदा पाहिले मावशीने. मावशी आमच्या इमारतीचे जिने आणि गच्ची झाडते. वयाने माझ्यापेक्षा लहानच आहे, पण हातात झाडू असलेल्या प्रत्येक बाईला आपल्याकडे मावशी म्हणतात, तशी मीही म्हणते. ती मला बाई म्हणते. राहते राईला. सकाळी बसने भाईंदर पश्चिमेला येते, पूल चढून पूर्वेला उतरते आणि जेसल पार्कातल्या आमच्या बावीस मजल्यांच्या इमारतीत वरून खाली झाडत येते. फेब्रुवारीत एका सकाळी तिने माझी बेल वाजवली. मी विसाव्या मजल्यावर एकटी राहते, नोकरीतून निवृत्त झालेली आहे आणि दार उघडते, एवढीच माझी पात्रता.

"बाई, टाकीच्या खाली पक्षी बसलाय. घार न्हाय, निराळाच हाय. अंडी पन हायत."

मी वर जाऊन पाहिलं. पाण्याच्या टाकीच्या बाहेरच्या बाजूला, कठड्याच्या पलीकडे, शोभेसाठी काढलेला एक सज्जा आहे. त्यावर वाऱ्याने आलेली माती साचली होती. त्या मातीत घरटं म्हणावं असं काही नाही, नुसता खळगा, आणि त्यात विटकरी रंगाची तीन अंडी. मादी बाजूला उभी होती. काळं डोकं, गालावर काळा पट्टा, आणि नजर अशी की भाडं मागायला आलोय असं वाटावं आपल्यालाच. मी पटकन खाली आले. त्या दिवसापासून मला सकाळी उठायला काहीतरी कारण मिळालं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

पिल्लं बाहेर आली तसा बोभाटा झाला. ससाणा कबुतरं खातो, आणि कबुतरांची आमच्याकडे वाण नाही. गच्चीवर पिसं पडायला लागली, कधी एखादा पाय, कधी मुंडकं. ज्या बायका गच्चीवर पापड वाळत घालायच्या त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात धाव घेतली. चेअरमन म्हणाले, "देखिए मॅडम, टेरेस पे नॉनव्हेज अलाऊड नहीं है." ते विनोद करत नव्हते. त्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम ठरलं होतं, पावसाच्या आधी संपवायचं होतं. कंत्राटदाराने सांगून टाकलं की सज्जा तेवढा साफ करून द्या, मग माणसं वर चढवतो.

मी कुठून कुठून चौकशी करून पक्षी अभ्यासणाऱ्या एका मुलीचा नंबर मिळवला. ती दोन दिवसांत आली. पाठीवर पोतडी, पायात रबरी चपला, वय असेल पंचवीस. तिने सज्ज्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, बहिरी ससाणा आहे, हा कड्याकपारीत राहणारा पक्षी, इमारतीवर पिल्लं काढलेली या भागात तरी तिने पाहिली नव्हती. मी विचारलं, कायद्याने घरटं हलवता येत नाही ना? ती म्हणाली, "ताई, कायदा आपल्याच बाजूने आहे. पण कायद्याला यायला चार दिवस लागतात आणि कंत्राटदाराला दहा मिनिटं."

वनखात्याची परवानगी काढून, त्यांची दोन माणसं बरोबर घेऊन ती पुन्हा आली आणि तिन्ही पिल्लांच्या पायात धातूची कडी घातली. पिल्लं तेव्हा तीन आठवड्यांची, पांढरा कापूस अंगावर चिकटवल्यासारखी, आणि रागीट. प्रत्येक कडीवर एक नंबर. ती म्हणाली, काही देशांत अशा पिल्लांना नावंही ठेवतात, दरवर्षी एक विषय घेतात, एका वर्षी मसाल्यांची नावं, एका वर्षी नद्यांची. लोकांना नंबर लक्षात राहत नाहीत, नाव राहतं.

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. गिरगावातल्या आमच्या चाळीत एक खाजरं कुत्रं होतं. सगळे त्याला हाकलायचे. एका पोराने त्याला नाव ठेवलं आणि महिन्याभरात तेच कुत्रं सगळ्यांचं झालं. ज्याला नाव आहे त्याला हाकलताना माणूस जरा अडखळतो. मला वाटलं, या पिल्लांना सोसायटीने नावं ठेवली तर सोसायटीच त्यांची राखण करेल. पिल्लं उडून जाईपर्यंत तीन आठवडे, मला तेवढेच हवे होते.

युक्ती लागू पडली, आणि नको तितकी लागू पडली. चेअरमनना कल्पना इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी ती त्यांचीच झाली. वॉटरप्रूफिंग पुढे ढकललं. व्हॉट्सॲपवर घोषणा झाली: आपल्या सोसायटीत तीन 'गुड लक' पाहुणे, नावं सुचवा, थीम सुचवा. मग जे सुरू झालं त्याला मी काय म्हणू? मराठी मंडळींना गडकिल्ले हवे होते. कुणाला रत्नं हवी होती, हिरा, पन्ना, माणिक. एकाने मिठायांची यादी टाकली. बिल्डरच्या माणसाने ए विंग, बी विंग, सी विंग असं सुचवलं, आणि त्यालाही सहा अंगठे मिळाले. नळाला पाणी आलं नाही तेव्हा ज्या लोकांनी ग्रुपवर चकार शब्द काढला नव्हता, ते गडकिल्ल्यांवरून आणि रत्नांवरून एकमेकांची भाषा, जेवण आणि पार्किंग काढायला लागले. पिल्लं मेली की जगली, हे त्या तीनशे मेसेजेसमध्ये कुणीही विचारलं नाही.

शेवटी मीटिंग लागली. मी कमिटीत आहे, कारण कमिटीत एक मराठी बाई असली की बरं दिसतं. मी म्हटलं, किल्लेही नकोत आणि हिरेही नकोत, आपण जिथे राहतो त्या जागेचीच नावं घेऊ, नवघर, काशीगाव अशी. ही सगळी मिरा-भाईंदर व्हायच्या आधीची गावं. कुणाचीच नाहीत, म्हणून सगळ्यांची. माझं मलाच फार कौतुक वाटलं. चेअरमनचं दुकान नवघर रोडवर, म्हणून त्यांनी ताबडतोब 'नवघर' उचललं. आमचे खजिनदार बनारसकडचे, त्यांनी काशीगाव ऐकलं आणि म्हणाले, "बस, हमारा काशी हो गया." तिसऱ्यावर पुन्हा घोळ सुरू झाला.

मावशी तेव्हा ऑफिसात चहाचे कप गोळा करत होती. मध्येच म्हणाली, "एकाचा राई ठेवा ना. माज्या गावाचा."

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग चेअरमन हसले आणि टाळी वाजवली. "वाह, मौसी का भी एक! क्यों नहीं?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण किती मोठ्या मनाचे आहोत हे ज्याच्या त्याच्या तोंडावर दिसत होतं. माझ्याही असणार. मावशी कप घेऊन बाहेर गेली आणि मीटिंगनंतर मला जिन्यात गाठून म्हणाली, "बाई, आमचा भात व्हायचा राईला. आता तिथं बिल्डिंग हाय, तिचा नाव कायतरी इंग्लिश हाय. मना वाचता न्हाय येत." मग म्हणाली, "पाखराला तरी राई म्हनतील."

दुसऱ्या दिवसापासून ती गच्चीच्या दाराशी पाच मिनिटं जास्त थांबायला लागली. दारातल्या फटीतून सज्ज्याचं टोक दिसतं. "राईनं आज पंख उघडलंन," असं मला सांगायची. तिला कुठलं पिल्लू राई वाटायचं ते मी कधी विचारलं नाही. मलाही ती तिन्ही सारखीच दिसायची.

कडी घालून झाल्यावर त्या मुलीने मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, पिल्लं उडेपर्यंत गच्चीवर कुणालाही सोडायचं नाही. या वयात ती घाबरली तर पंख तयार नसतानाही उडी टाकतात. म्हणून गच्चीची किल्ली मी माझ्याकडे मागून घेतली होती. दुसरी, नावांची कल्पना मी बोलून दाखवली तेव्हा तिने मला एक छापील कागद दिला. त्यावर तीन नंबर, आणि प्रत्येक नंबरापुढे नावाचा रकाना. मादी मोठी असते, नर लहान, पण अजून नक्की सांगता येत नाही, असं ती म्हणाली. नावं ठरली की कुठल्या नंबराला कुठलं नाव ते लिहून पाठवा. मी कागद पर्समध्ये ठेवला.

बारसं खाली पार्किंगमध्ये करायचं असं ठरलं होतं. ठरवून घेतलं होतं मीच. रविवारी संध्याकाळी पाळणा सजवला, त्यात तीन मऊ खेळण्यातले पक्षी ठेवले, घुगऱ्या झाल्या, पेढे झाले, बॅनर छापून आला. बारशाला आत्या लागते. पोरांच्या बापाला बहीण नाही, असा कुणीतरी विनोद केला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवी साडी नेसले होते. आता हे सांगितलंच पाहिजे: माझ्या भावाची दोन्ही मुलं परदेशात जन्मली. त्यांची बारशी मी मोबाईलवर पाहिली. नाव आधीच ठरलेलं, जन्मदाखल्यावर लिहिलेलं, आणि मला म्हणाले, आत्या, तूही काहीतरी बोल. नेटवर्क गेलं. एवढंच माझं आत्यापण. म्हणून चेअरमननी मला "बुआजी, आइए" म्हटलं, तेव्हा मी विरघळले.

कुणीतरी एक पुढारी येणार होते, ते आले. त्यांच्याबरोबर फोटोवाला आला. तो म्हणाला, पाळण्यातल्या खेळण्याचा फोटो काय काढायचा? ओरिजनल पक्षी पाहिजेत पाठीमागे. चेअरमन माझ्याकडे वळले. "मॅडम, सिर्फ दस मिनट."

मावशी खांबाला टेकून उभी होती. हातात एक नारळ, राईहून आणलेला. ती पुढे आली आणि मला म्हणाली, "बाई, त्या पोरीनं न्हाय सांगितलेला हाय."

मी म्हणाले, "मावशी, दहाच मिनिटं. तू मध्ये बोलू नकोस."

किल्ली माझ्याकडे होती. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, कारण इमारतीत नंतर सगळ्यांनी ते सोयीस्करपणे विसरून टाकलं. दोन लिफ्ट भरून आम्ही वर गेलो. दार मी उघडलं. पाळणा आला, स्पीकर आला, बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. मी वाकून खेळण्यातल्या पक्ष्यांच्या कानांत कुर्रर्र केलं आणि मोठ्याने नावं सांगितली. नवघर. काशी. राई. लोकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, ते घातले. मी हसत होते. तेवढ्यात दहा-बारा जण कठड्यापाशी गेले आणि मोबाईल धरून पलीकडे वाकले.

मादी कुठून आली ते कळलंच नाही. डोक्यांवरून सणसणत गेली, ओरडत, परत फिरून पुन्हा आली. बायका किंचाळल्या, कुणाचा तरी मोबाईल खाली पडला, स्पीकर चालूच होता. मी कठड्याकडे धावले तेव्हा सज्ज्यावर दोन पिल्लं होती, भिंतीला चिकटून. तिसरं नव्हतं.

"उड गया!" फोटोवाला ओरडला. "फर्स्ट फ्लाइट!" आणि टाळ्या पडल्या. पुढारी म्हणाले, हा शुभशकुन आहे. रात्रीपर्यंत ग्रुपवर व्हिडिओ फिरला, खाली लिहिलेलं: नाव ठेवताच बाळाने घेतली भरारी. मला ठाऊक होतं की त्याचे पंख अजून पुरते भरलेले नव्हते. तरी त्या रात्री मी त्या व्हिडिओवर विश्वास ठेवला. ठेवायची इच्छा असली की काय कठीण आहे?

सकाळी मावशीने बेल वाजवली. तिच्या हातात कचऱ्याची बादली होती, वर फडकं टाकलेलं. पंपरूमच्या मागे सापडलं होतं. अंगावरची अर्धी लव अजून पांढरी होती. पायातली कडी चकचकीत होती. मी कडीवरचा नंबर वाचला, पर्समधून तो कागद काढला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की कागदावरचे तिन्ही रकाने कोरे आहेत. आम्ही दहा दिवस नावांवरून भांडलो, बॅनर छापला, पाळणा म्हटला, आणि कुठलं नाव कुठल्या पिल्लाचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. ते काम माझं होतं.

संध्याकाळी कमिटी बसली. चेअरमन म्हणाले, वाईट झालं, पण ग्रुपवर सांगायला तर लागेल, कौन सा गया? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, ऐसे कैसे? नवघर नहीं हो सकता, पुढाऱ्यांनी नवघरच्या नावाने अकरा हजार डिक्लेअर केलेत झाडांसाठी. खजिनदारांनी कानाला हात लावले. काशीचं नाव असं अशुभात घ्यायचं नाही, घरी आई ऐकेल तर जेवणार नाही. तिसरं नाव कुणी मोठ्याने घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, ते मध्ये टेबलावर पडल्यासारखं होतं आणि त्याच्या बाजूने बोलणारं तिथे कुणी नव्हतं. म्हणजे मी होते.

"मॅडम, आपकी राइटिंग अच्छी है," चेअरमन म्हणाले. "फॉर्म भर दीजिए."

मी पेन काढलं. मेलेल्या पिल्लाच्या नंबरापुढे राई लिहिलं. उरलेल्या दोन नंबरांपुढे नवघर आणि काशी लिहिलं, कुठलं कुठे ते असंच, हाताला येईल तसं. अक्षर चांगलं आलं. कुणाशी भांडायचं त्राण नव्हतं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे भांडले असते तर किल्लीचा विषय निघाला असता.

दुसऱ्या दिवशी मावशी जिन्यात भेटली. ग्रुपवर ती नाही, पण वॉचमनने तिला सांगितलं होतं. तरी तिने माझ्याकडूनच ऐकायचं ठरवलं असावं. "कोन गेला, बाई?"

"राई," मी म्हटलं.

तिने झाडू या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाली, "हां. आमचाच जानार," आणि पुढची पायरी झाडायला घेतली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. गच्चीच्या दाराशी पाच मिनिटं थांबणं तिने त्या दिवसापासून बंद केलं.

उरलेली दोन्ही पिल्लं दहा-बारा दिवसांनी नीट उडाली. इमारतीत पेढे वाटले. त्यानंतर त्या पक्षीवाल्या मुलीचा फोन आला. मी फॉर्मचा फोटो तिला पाठवला होता आणि तिच्या शिव्या खायची तयारी ठेवली होती. तिने शिव्या दिल्या नाहीत, फक्त कसं झालं ते विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं, दार कुणी उघडलं, नावं कशी लिहिली, तेही. ती म्हणाली, "अहो ताई, नावाचा रकाना कोरा ठेवला असता तरी चाललं असतं. आम्हाला नंबर पुरतो. कुठलं होतं ते माहीत नाही, एवढं लिहायचं."

म्हणजे त्या दोघांपैकी एक राई असू शकतं. खाडीवरून फिरताना अजून अधूनमधून दिसतात दोन्ही. मावशी रोज आठ वाजता माझ्या दारावरून झाडत जाते. मी तिला हे अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तर राई मीच लिहिलं, हेही सांगावं लागेल.